कोळसेबुवांचं म्हातारं यान

दातांच्या डॉक्टरीणबाईंना एखादा बोलका पेशंट विचारायचा, "वडील काय करतात हो तुमचे?" त्यावर त्या शांतपणे सांगायच्या, "चांगल्या वस्तू घाण करतात." पेशंटच्या तोंडात तोवर यंत्र फिरायला लागलेलं असायचं, त्यामुळे पुढचा प्रश्न काही यायचा नाही.

आणि यात काडीचंही खोटं नव्हतं, बरं का. म्हाताऱ्याने उभा जन्म अंतराळयानं काढण्यात घालवला. म्हणजे सिनेमातली. माणसं तारे ओलांडून कुठल्या कुठे जातात ना, तसल्या सिनेमांची. ते यान आधी कुणीतरी कागदावर काढावं लागतं. दार कसं उघडणार, आतली माणसं झोपणार कुठे, हात कुठे धुणार, सगळं ठरवावं लागतं. मग सुतार ते प्लायवूडचं उभं करतात आणि रंगारी त्या प्लायवूडला लोखंड करून दाखवतात. यानं काढणारे पुष्कळ आहेत, पण या म्हाताऱ्याची तऱ्हाच निराळी. त्यामुळे त्या अख्ख्या धंद्यात त्यांना कोळसेबुवा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि बुवाही खुशाल ओ देत.

सुरुवात अशी झाली. तरुणपणी बुवा पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तकांसाठी चित्रं काढायचे. पंप उलगडून आतला एकेक नट दाखवणारी चित्रं, कंटाळवाणी म्हणजे किती कंटाळवाणी! एका सिनेमाचा चित्रकार भांडून निघून गेला आणि कुणीतरी यांचं नाव सुचवलं. गेले. सेट उभाच होता. यान असं चकचकीत की बघणाऱ्याने त्यात भांग पाडावा. दिग्दर्शक छाती फुगवून म्हणाला, "कसं आहे?"

"छान आहे. पण इथे कुणी राहत नाही," बुवा म्हणाले.

"अहो, भविष्यकाळ आहे हा!"

"असू दे की. भविष्यात माणसांच्या हातांना घाम यायचा बंद होणार आहे का?"

दिग्दर्शक चिडला, पण माणूस शहाणा होता. म्हणाला, एक दिवस देतो, काय करायचं ते करा. बुवांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आतून कडी लावली. चित्रकलेच्या कोळशाची पूड थोड्या तेलात कालवून तळहातांना फासली आणि दिवसभर त्या यानात राहिले. राहिले म्हणजे खरोखरचे राहिले. झोपून उठले, आळस दिला, पाणी नसलेल्या नळाखाली तोंड धुतलं, बूट शोधले, कंटाळले, भिंतीला टेकले. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्या परीटघडीच्या यानात जिकडेतिकडे काळे हात उमटलेले होते. जिथे काळं, तिथे रंगाऱ्यांनी रंग उडालेला आणि पत्रा झिजलेला दाखवायचा. बस, एवढीच काय ती विद्या. आणि तिचे नियम दोनच. बुवा आत असताना कुणी बघायचं नाही. आणि ते बाहेर आल्यावर एकही डाग पुसायचा नाही की वाढवायचा नाही.

सिनेमा यथातथाच होता. यान मात्र लोकांच्या डोक्यात बसलं. लोक म्हणायला लागले, अरे, यात तर आपल्यासारखी माणसं राहतात! मग काय, एकाने केलं की दुसरा करणारच. पाच-सात वर्षांत एकूण एक सिनेमातली यानं झिजकी, मळकी दिसायला लागली.

त्यातली गंमत ऐका. बुवांच्या पहिल्या यानात दाराच्या चौकटीवर, पार खाली, गुडघ्याच्या उंचीला एक झिजलेला डाग होता. नकला करणाऱ्यांनी तो डागही उचलला. का, ते कुणाला ठाऊक नाही, पण यानाचं दार म्हटलं की खाली डाग हवाच! खेळण्यातल्या यानांवर तो छापून यायला लागला. एका विद्वानाने तर लेखच लिहिला, की हा डाग म्हणजे यानात पूर्वी बुटक्या परग्रहवासीयांची वस्ती होती याची खूण. छाप बाबा, काय छापायचं ते. खरी गोष्ट एवढीच होती की तेव्हा बुवांची लेक दीड वर्षांची होती. घरात बुवा दारातून जायला निघाले की ती पायाला मिठी मारायची. मग ते एक हात चौकटीला लावून वाकायचे आणि दुसऱ्याने तिला उचलायचे. सेटवर पोर नव्हती, पण हाताला सवय होती, तो आपोआप खाली गेला.

ती लेक म्हणजेच आपल्या डॉक्टरीणबाई. दवाखान्यात डॉक्टरीणबाई, बापाच्या तोंडी चिमी. चिमी आता दोन मोठ्या मुलांची आई, केसांना कलप लावते, आणि जगातल्या सगळ्या सिनेमांच्या यानांवर तिला उचलून घेतल्याचा डाग आहे. तिला याचा अभिमान वाटायचा आणि थोडी लाजही वाटायची.

बापाचा धंदा तिच्यात उलटा उतरला होता. बाप झिजवायचा, लेक झिजलेलं भरायची. पण नजर तीच. माणसाने तोंड उघडलं की तिला कळायचं, हा उजव्या बाजूने चावतो, हा झोपेत दात खातो, ही बाई काळजीने ओठ चावते. फक्त एक कोडं तिला लहानपणापासून सुटलं नव्हतं. कडी लावून बाबा आत करतात तरी काय? विचारलं की उत्तर ठरलेलं. "काय करणार? राहतो."

"पण कसे राहता?"

"तुझ्या आईला विचार. तिला माझं राहणं चांगलं ठाऊक आहे."

आई होती तेव्हा ती हसून हात जोडायची. पुढे आई गेली. बुवा एकटेच राहायला लागले, आपल्या जुन्या तळमजल्याच्या घरात, आणि दिवस बरे चालले होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. तोंड वाचलं, हात वाचले, डाव्या पायाने मात्र असहकार पुकारला. चालताना तो मागून यायचा, रुसलेल्या मुलासारखा.

चिमीने लगेच आपल्या घरी एक खोली तयार केली. नवी कोरी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत फरशीची. तिचा नवराही भला माणूस, स्वतः जाऊन पलंग आणला. पण बुवा हलायला तयार नाहीत. चिमी रडली, ओरडली, अबोला धरून बघितला. शेवटी दोघांत करार झाला.

"एकदा, फक्त एकदा जरी पडलात," चिमी म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी सामानसुमान घेऊन माझ्याकडे. मग कुरकुर ऐकणार नाही."

"कबूल."

"शब्द द्या."

"दिला. आणि मी शब्द मोडत नाही, हे तुला माहीत आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून ती वडिलांकडे जायची. दारातूनच पहिला प्रश्न. "पडलात?"

"नाही गं बाई. बसलोय ना तुझ्यासमोर धडधाकट."

मग ती त्यांच्या गुडघ्यांकडे, कोपरांकडे चोरून बघायची, आणि बुवा ते बघताना तिला पकडायचे, आणि दोघं चहा प्यायचे. असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एक दिवस ती दिग्दर्शिका येऊन टपकली.

वयाने लहान, पण कामाची पक्की. चष्मा डोक्यावर चढवून पर्समध्ये चष्मा शोधणारी बाई. चिमीने तिला पाहिलं तेव्हा ती बुवांच्या खाटेवर चित्रं पसरून बसली होती. यानाची चित्रं, कॉम्प्युटरवर केलेली.

"आता झिजवायचं बटणच असतं, बुवा," ती सांगत होती. "दाबलं की यान जुनं. पण सगळी यानं एकमेकांची भावंडं दिसतात हो. आणि सगळी तुमच्या पहिल्या यानासारखी."

बुवांनी एक चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हा दारावर खाली डाग कसला?"

"काय की! सगळेच काढतात."

बुवांनी चिमीकडे बघून डोळा मारला. मग विचारलं, "गोष्ट काय आहे तुमची?"

"यान फार लांबच्या प्रवासाला निघालंय. माणसं चढली तेव्हा तरुण होती, आता म्हातारी झालीत."

"म्हातारी म्हणजे? डोक्याला पांढरा रंग लावलेली पोरं, की म्हातारी?"

"म्हातारी. ऐंशीची."

बुवा टेकून बसले होते ते ताठ झाले. चिमीला ती नजर ओळखीची होती.

"मी इतकी यानं काढली," बुवा हळूच म्हणाले, "पण एकातही म्हातारं माणूस नव्हतं. कधी सुचलंच नाही बघ. आता करायचं तर मीच करायला हवं. आणि आत्ताच करायला हवं."

दिग्दर्शिका गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. चिमी म्हणाली, कडी लावून दिवसभर एकटं? त्या पायावर? अजिबात नाही. बुवा म्हणाले, माझं अख्खं आयुष्य गेलं तरुण माणसांच्या खोल्या काढण्यात, एक खोली माझ्यासारख्याची काढू दे. चिमी म्हणाली, मग मी आत बसते. बुवा म्हणाले, आत कुणी असलं की मी राहत नाही, नाटक करतो. शेवटी तोडगा निघाला. कडी लागणार नाही, दार नुसतं लोटलेलं राहील, आणि चिमी बाहेर खुर्ची टाकून बसेल. हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही.

"कायदेच करून ठेवलेत तुम्ही माझ्यासाठी," चिमी पुटपुटली. पण खरं सांगायचं तर तिलाही जायचंच होतं. इतक्या वर्षांचं कोडं दाराच्या पलीकडे असणार होतं.

चित्रं बुवांनी घरीच काढली. उजवा हात जपून चालायचा, पण चालायचा. यानातली एक खोली, झोपायची आणि राहायची. यावेळी मात्र त्यांनी चिमीला कागद दाखवला नाही. ती आली की पालथा घालायचे. तिला वाटलं, हात थरथरतो ते दिसू नये म्हणून. सुतारांनी त्या कागदावरून खोली उभी केली, आणि ठरल्या दिवशी चिमीने दवाखान्याला सुट्टी देऊन वडिलांना गाडीत घातलं.

स्टुडिओ म्हणजे एक अवाढव्य पत्र्याची शेड. मधोमध प्लायवूडची खोली, बाहेरून ओबडधोबड, खिळे दिसणारी, टेकूंवर उभी. कोळसा कालवून चिमीनेच बापाच्या हातांना लावला.

"मनगटाच्या वरही लाव. कोपरापर्यंत," बुवा म्हणाले.

"तिथे कशाला?"

"लाव गं."

लावला. बुवा पाय ओढत आत गेले. दार लोटलं गेलं. चिमी खुर्चीवर बसली, हातात मासिक उघडं, कान दाराला.

पहिल्यांदा काहीच ऐकू येईना. मग खाट कुरकुरली. मग पाय ओढल्याचा आवाज, थांबला, पुन्हा आला. मग बुवा चक्क कुणाशी तरी बोलले, "हो हो, येतो, घाई काय आहे?" चिमी हसली. आईशी ते असंच बोलायचे. पुढे त्यांनी एक जुनं गाणं गुणगुणायला घेतलं, दोन ओळींवर अडकले, तिथूनच परत सुरू केलं. चिमीला वाटलं, एवढंच होय ते? यासाठी मी पन्नास वर्षं जीव टांगणीला लावला? खरंच की, बाबा आत राहतात. दुसरं काही करतच नाहीत.

दुपार कलली आणि आत धप्पकन आवाज झाला.

चिमीच्या हातातलं मासिक कुठे गेलं कुणास ठाऊक. ती दाराशी पोचली. "बाबा!"

"आत यायचं नाही!"

"काय झालं? पडलात?"

"काही झालेलं नाही! बाहेर बस!" आवाज खणखणीत होता, खेकसल्यासारखा. "एक पाऊल आत टाकलंस तर दिवस फुकट जाईल. चिमे, ऐक माझं."

ती दारावर हात ठेवून उभी राहिली. आत काहीतरी घासलं गेलं. जड श्वास. पुन्हा घासलं. मग शांतता, आणि मग, देवाची कृपा, ते दोन ओळींचं गाणं. चिमी खुर्चीवर येऊन बसली. काहीतरी हातातून निसटलं असेल, तिने स्वतःला समजावलं. मन समजलं नाही.

संध्याकाळी बुवांनी हाक मारली. चिमी, दिग्दर्शिका, सुतारांचा मिस्त्री आणि रंगाऱ्यांचा मुकादम आपल्या दोन पोरांसह आत शिरले. मोठे दिवे लावले गेले.

रंगाऱ्यांच्या पोरांची तोंडं पडली. "हे तर सगळं फिसकटलंय," एक कुजबुजला. त्याचंही बरोबर होतं म्हणा. बुवांच्या जुन्या यानांमध्ये कसे सुबक पंजे उमटायचे, पाचही बोटं मोजून घ्या. इथे लांबच लांब फराटे. भिंतीवर पंजा नाहीच, मनगटापासून कोपरापर्यंतचा अख्खा हात. याच पोरांनी पुढे प्रत्येक यानात असेच फराटे ओढून लोकांना वैताग आणला, तो भाग वेगळा. त्या दिवशी मात्र नाकं मुरडत होती.

दिग्दर्शिकेने चष्मा डोळ्यांवर आणला. "बुवा, हा काय प्रकार आहे? मला वाचता येत नाही."

बुवा खाटेवर बसले होते, दमलेले, चेहरा आणि हात दोन्ही काळे. त्यांनी चिमीकडे मान केली. "तिला विचारा. तिला येईल."

चिमीने पर्समधून दवाखान्यातली छोटी बत्ती काढली आणि भिंतीच्या कडेने निघाली, पेशंटच्या जबड्यात फिरते तशी. आणि खरंच, तिला वाचता येत होतं. "इथे उठताना दोन्ही हात खाटेच्या कडेवर. एकदा नाही, तीनदा प्रयत्न केलाय. इथे भिंतीला पंजा लावत नाही, कारण पंजाने तोल जातो. अख्खा हात टेकवून सरकतो. इथे दाराच्या चौकटीला कोपर." ती बोलत होती आणि तिला मनातून मजा वाटायला लागली होती, कोडं सुटताना वाटते तशी. "आणि हा नळाच्या वरचा गोल डाग..." ती थांबली. "हे कपाळ आहे. तोंड धुता धुता माणूस दमलाय आणि डोकं भिंतीला टेकवून उभा राहिलाय."

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आणि हे?" दिग्दर्शिकेने जमिनीकडे बोट दाखवलं. "इथे कोळसा सांडला का?"

खाट आणि नळ यांच्या मध्ये, उघड्या जमिनीवर, दोन पंजे उमटले होते. बोटं फाकलेली. शेजारी एक कोपर. त्याच्या मागे एक लांब पट्टा. चिमीने बत्ती खाली नेली आणि तिला कळलं. ते कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

तिने वर पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. एक डाग पुसायचा नाही की वाढवायचा नाही. दिवसभर ते एकटेच होते. फडक्याचा एक हात फिरवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, तिलासुद्धा नाही.

"आम्ही जरा बाहेर बसतो." दिग्दर्शिका समजूतदारपणे म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन गेली. दार लोटलं गेलं.

"पडलात," चिमी म्हणाली.

"इथे नाही. इथे पाडलं मी स्वतःला. मुद्दाम."

"इतकं नीट? कोपर कुठे येतं, पंजे कुठे येतात, सगळं माहीत असल्यासारखं?"

बुवांनी मान खाली घातली.

"घरी पडता."

"हो."

"किती वेळा?"

"मोजत नाही. पण यानातली माणसं ऐंशीची आहेत, चिमे. ती पडणारच. न पडणारी म्हातारी काढली असती तर ते यान पुन्हा चकचकीतच झालं असतं."

चिमीचा बांध फुटला. "रोज विचारलं मी तुम्हाला! रोज! दारातून पाय आत टाकायच्या आधी विचारलं. आणि माझ्या तोंडावर खोटं बोललात. रात्री फोन वाजला की माझं काळीज थांबतं, ठाऊक आहे? आणि मला नाही सांगितलंत ते या प्लायवूडला सांगितलंत!"

"तुझ्याशी खोटं बोलता येतं," बुवा म्हणाले. "तू माझी आहेस. चिडशील, रडशील आणि माफ करशील. इथे तसं चालत नाही. सकाळपासून मी त्या जागेला वळसा घालून चालत होतो. सारखं मनात यायचं, हे एवढं गाळून टाक, घर वाचेल. नाही गाळता आलं." त्यांनी काळ्या हातांकडे पाहिलं. "शब्द दिलाय. उद्या सामान बांधू. माझे ब्रश तेवढे नीट ठेव."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," चिमी रडता रडता म्हणाली.

"हो ना," बुवा म्हणाले. "अगदी तेच म्हणतात."

झालं. वर्षभर चिमीला हवं होतं ते आयतं हातात पडलं होतं, आणि तिला अजिबात बरं वाटत नव्हतं. तिने डोळे पुसले आणि सवयीने पुन्हा जमिनीवर बत्ती धरली. पडल्याचे डाग तिने वाचले होते. पण डाग तिथेच संपत नव्हते. पुढेही होते.

ती खाली बसली. मग सरळ पालथी झाली, फाकलेल्या पंजांवर आपले पंजे ठेवून. डावा पाय मेल्यासारखा सोडून दिला.

"काय करतेस?" बुवांनी विचारलं.

"राहते," ती म्हणाली.

आधी कोपर. कोपरावर भार, अंग कुशीला. पुढचा डाग खाटेच्या खालच्या दांड्यावर होता, चार बोटांचा. हात बरोबर पोचला. दांडा ओढून ती बसती झाली. पुढचा डाग मागे, भिंतीतून निघालेल्या नळाच्या पाइपावर. तिथे न बघता हात गेला. मग उजवा गुडघा, मग खाटेची कड, मग भिंतीला अख्खा हात. चिमी उभी राहिली. डावा पाय एकदाही न वापरता.

उभी राहिली आणि तिचं लक्ष खोलीकडे गेलं. खाट. इतकी उंच खाट यानात कोण ठेवतं? तिच्या बाबांच्या खाटेएवढी. खाटेपासून नळ डावीकडे, बाहेर निघालेला पाइप गुडघ्याच्या वर, दाराची चौकट अरुंद, कोपर टेकेल अशी. वरवर सगळं लोखंडी, दुसऱ्या जगातलं, पण खाली त्यांचंच घर होतं. म्हणून कागद पालथा घालत होते होय! बाबा घरातल्या कुठल्या वस्तूला धरून कसे उठतात, ते सगळं इथे काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं.

मग तिने मनातल्या मनात आपल्या घरातली ती नवी खोली आणली आणि तिथे बाबांना पाडलं. गुळगुळीत फरशी. पलंग ठेंगणा, खालून बंद, दांडा नाही. भिंती मऊ रंगाच्या, हात घसरणाऱ्या. खुर्चीला चाकं. तिने चहूकडे हात फिरवून बघितला. धरायला काहीही नव्हतं. बाबा त्या स्वच्छ, सुंदर, प्रेमाने सजवलेल्या खोलीत पडले असते, आणि ती दवाखान्यातून येईपर्यंत तसेच पडून राहिले असते.

ती खाटेवर बापाशेजारी बसली.

"सामान नाही बांधायचं," ती म्हणाली.

"शब्द दिलाय मी."

"मी परत करते तुमचा शब्द. माझ्याकडे तुम्हाला उठता येणार नाही, बाबा. घरी येतं." हे बोलताना तिला भीती वाटत होती, आणि ती भीती आता कधी जाणार नाही हेही तिला कळत होतं. "पण आजपासून खोटं बंद. पडलात तर उठा. उठलात की मला फोन करा. पडलो म्हणून सांगा, आणि उठलो म्हणून सांगा."

बुवांनी मान हलवली. मग त्यांनी असं काही विचारलं जे वर्षभरात एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. अगदी हळू विचारलं.

"आणि एखाद दिवशी नाहीच उठता आलं तर?"

चिमीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. दोघांचेही हात आता सारखेच काळे होते.

"तर मी येईन," ती म्हणाली. "आणि येऊन तुमच्या शेजारी जमिनीवर बसेन. मग बघू, दोघं मिळून कसं उठायचं ते."